नखाचा सूर, मांसाचा सूर

आम्हां वलवणकरांचे पाणी डोंगर उतरून खोपोलीला जाते आणि तिथे वीज करते. तरी आषाढात आमच्या आळीतले दिवे जायचे ते जातातच. यंदा मात्र त्या अंधाराचे मी आभार मानले.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी शिकवण्या करून विजेवरची गिटार घेतली आणि 'डायर स्ट्रेट्स'च्या १९७८ सालच्या 'सल्टन्स ऑफ स्विंग'मधला सूर हुबेहूब काढायचा ध्यास घेतला. मार्क नॉफ्लरचा तो सूर कसा, तर घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यावर टिचकी मारावी तसा! कॉलेजात असताना त्याची कॅसेट मीच आणली होती. पण बाप झालो, तेव्हा म्हणालो, "नक्कल करून कोणी मोठे झाले आहे का?" पोरगा काही बोलला नाही. त्याने खोलीचे दार लावले, आणि तीन आठवडे ते माझ्यासाठी उघडले नाही.

दाराबाहेरून त्याची खटपट ऐकू येई. गिटारच्या तारांखाली चुंबकाची तीन वेटोळी असतात. मधले आणि शेवटचे एकदम जोडले, की एकच तार दोन ठिकाणांहून ऐकली जाते, काही लहरी परस्परांना खातात आणि उरतो तो पोकळ, काचेसारखा नाद. पूर्वी खटक्याला तीनच खाचा असत. वादक तो दोन खाचांच्या मध्ये अडकवीत. पुढे १९७७ पासून कारखानाच पाच खाचांचा खटका देऊ लागला. चिरंजीवांनी हे सारे साधले होते. आवाज फाटू नये म्हणून ध्वनिवर्धकही बेताने लावला होता. तरी सूर कोरडाच!

आणि दिवे गेले. ध्वनिवर्धक मुका झाला, तरी तो वाजवीतच होता. नुसत्या तारांचा तो बारीक आवाज ऐकताना मला वडिलांचा तंबोरा आठवला. ते म्हणत, "नख लागू देऊ नकोस रे, मांस लागू दे."

मी दार ढकलले. "पट्टी ठेव. बोटांनी छेड बघू."

"बाबा, तोही बोटांनीच वाजवतो. अंगठा आणि दोन बोटं. पण मला जमत नाही."

मेणबत्तीच्या उजेडात मी माळ्यावरून मिरजेचा तंबोरा काढला. बोटाचे पेर तारेवरून कसे ओघळू द्यायचे, ते दाखवले. चिरंजीवांची बोटे लाल झाली, पण तार बोलू लागली.

तासाभराने दिवे आले. सूर हुबेहूब नव्हता. पण कोरडाही नव्हता. तेव्हा मी कबूल करून टाकले, की माझी पहिली छापून आलेली कविता ही एका थोर कवीची चक्क नक्कल होती.

"आणि ती आवडली कुणाला?" त्याने विचारले.

"तुझ्या आईला."

त्यानंतर दार उघडेच असते. सौ.ची तक्रार एवढीच, की आता घरात झोप लागत नाही.