जिव्याबाबांची आठवण आणि आपले म्हातारे



वारली चित्रकार जिव्या सोमा मशे मे २०१८ मध्ये गेले. जन्म १९३४ चा. लहानपणी आई वारली तेव्हा या पोराने बोलणंच सोडलं. मनातलं सगळं मातीवर रेघा ओढून सांगायचा. लग्नाचा चौक लिहिणं हे बायांचं काम. जिव्याबाबांनी तोच तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग घेतला आणि रोजचं जगणं काढलं: भाताची लावणी, मासे धरायचं जाळं, तारप्याचा नाच. २०११ ला पद्मश्री मिळाली. तरी राहिले डहाणू तालुक्यातल्या आपल्या पाड्यावरच. सदाशिव आणि बाळू ही मुलंही तीच कला पुढे नेतायत.

आपल्या खेड-आंबेगावच्या डोंगरातले म्हातारे चित्रं काढत नाहीत. पण कुठलं खाचर कोणाच्या आजाने फोडलं, बांध कधी घातला, हे त्यांना तोंडपाठ आहे. वनहक्क कायद्याच्या नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला जातो. जोडीला बांध, घर, सपाट केलेली जमीन यांचा पुरावा लावता येतो. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, हे ध्यानात ठेवा.

म्हणून चाकणला कंपनीत पाळ्या करणाऱ्या पोरापोरींना आमचं सांगणं: सुट्टीला घरी जाल तेव्हा वही घेऊन आजा-आजीपाशी बसा. जबाब लिहा, अंगठा घ्या, वनहक्क समितीकडे द्या, पोच मागा. म्हातारं माणूस गेलं की त्याची साक्षही जाते.

जमीन आमच्या हक्काची!