सारखे दिसणारे हिवाळी पाहुणे

थंडी पडली की दिल्लीच्या बागांतून वटवट्यांची लगबग सुरू होते. दहा ग्रॅमही न भरणारे हे हिरवट-करडे पक्षी क्षणभर स्थिर बसत नाहीत. मग ओळखायचे कसे? पंखावर फिकट पट्टी आणि ठळक भुवई असेल, तर तो ह्यूमचा वटवट्या. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूमसाहेबांचेच हे नाव! पट्टी नाही आणि पाय काळे, तर बहुधा चिफचॅफ. पण पिसे झिजली की पट्टीही पुसट होते. अशा वेळी कानांवर भिस्त ठेवावी. १७६८ मध्ये गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याने असेच तीन सारखे पक्षी आवाजावरून वेगळे केले होते. पक्षी गप्पच राहिला, तर वहीत नुसते ‘वटवट्या’ लिहावे. चुकीच्या नावापेक्षा अर्धे नाव बरे!