आस्मानी नव्हे, सुलतानी

महागाईचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित घरांतून दोनच उद्गार ऐकू येतात: ‘वाणी माजले’ आणि ‘काळच वाईट आला’. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात वैराग्य आहे. विचार मात्र दोहोंतही नाही, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे.

अजिंठ्याचा घाट उतरताच लागणारे फर्दापूर घ्या. १९४८ पूर्वी हे निजामाच्या मुलखाच्या सीमेवरचे गाव. येथे हाली रुपया चाले, पलीकडे खानदेशात कलदार. सात हालींस सहा कलदार असा ढोबळ हिशेब. हाली असा कलदाराच्या दावणीला बांधलेला असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात कलदाराचे मोल उतरताच हालीचेही उतरले. यात फर्दापूरच्या वाण्याचा काय अपराध?

अपराध कोणाचा ते आकडेच सांगतात. हिंदुस्थानात चलनी नोटा १९३९ साली पावणेदोनशे कोटींच्या आसपास होत्या. १९४५ साली त्या अकराशे कोटींवर गेल्या. इंग्लंडने युद्धासाठी येथे केलेल्या खर्चाची रक्कम लंडनच्या खात्यावर स्टर्लिंगमध्ये जमा दाखवावयाची आणि त्या तारणावर येथे नोटा छापावयाच्या, असा तो व्यवहार होता. धान्य आणि कापड सैन्याकडे गेले, कागद तेवढा बाजारात उरला. घाऊक भाव दुपटीहून वर चढले. १९४३ साली बंगालात लक्षावधी माणसे भुकेने मेली, त्या अनर्थाच्या कारणांत ही भाववाढही होती.

कोणी म्हणतील, साठेबाज नव्हते काय? होते, आणि ते शिक्षेसही पात्र होते. परंतु रुपयाचे मोल उद्या उतरणार अशी खात्री झाली म्हणजेच माल दडविणे एवढे किफायतीचे ठरते. ती खात्री छापखान्याने दिली होती.

याच जिल्ह्यातील दौलताबादशी ज्याचे नाव कायमचे जडले आहे, त्या महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात तांब्यापितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालविली. शेवटी ती परत घेऊन खजिना रिता करण्याची पाळी त्याच्यावर आली. जर्मनीत १९२३ च्या अखेरीस एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले आणि जन्मभराची शिल्लक एका पावाच्या किमतीचीही राहिली नाही.

आमची आजची महागाई त्या जातीची नव्हे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. परंतु वर्षाला शेकडा ६ ची ‘सौम्य’ वाढही बारा वर्षांत भाव दुप्पट करते, म्हणजेच ठरावीक व्याजावर जगणाऱ्या विधवेची शिधासामग्री अर्धी करते. कर्जदारास, आणि सर्वांत मोठ्या कर्जदारास म्हणजे सरकारास, हीच वाढ सुखाची वाटते. कोणत्याही विधिमंडळात मतास न पडलेला हा कर आहे. २०१६ साली भाववाढ शेकडा ४ च्या आसपास राखण्याची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आली, ती याच अनुभवातून.

म्हणून वाण्याची यादी आम्ही जितक्या बारकाईने तपासतो, तितक्याच बारकाईने सरकारचा जमाखर्चही तपासला पाहिजे. आस्मानीपुढे हात जोडणे क्षम्य आहे. सुलतानीपुढे हात जोडून बसणे हा नागरिकाचा धर्म नव्हे.