मागाची विद्या आणि मालकांची जबाबदारी

सोलापुरास गिरण्यांचे शहर म्हणून नाव मिळवून देणारी जुनी गिरणी १८७७ साली निघाली व १९६३ साली बंद पडली. पुढे इतर मोठ्या गिरण्यांचे भोंगेही एकामागून एक थांबले. तरी शहर मेले नाही, याचे श्रेय मुख्यत्वे तेलंगणातून येऊन येथलेच होऊन गेलेल्या पद्मशाली विणकरांस व त्यांच्या मागांस आहे. सोलापुरी चादरीस व टॉवेलास भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षणही मिळाले. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, विद्येचे करीत नाही, हे आमच्यासारख्या कायद्याची पुस्तके चाळण्यात अर्धे आयुष्य घालविलेल्या माणसास कोणी निराळे सांगावयास नको.

चादरीवरील मोर गिऱ्हाइकास फुकट दिसतो. विणणारास तो आधी चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांस भोके पाडावयाची, त्या ओवून जकार्डावर चढवावयाच्या, तेव्हा कोठे ताण्याचा कोणता धागा उचलावा हे मागास कळते. आता तर संगणकावर नक्षी आखून चालणारे जकार्डही आले आहे. ही विद्या आजवर बापाने मुलास मागाशेजारी उभे करून दिली. आज तोच मुलगा पुण्याची गाडी पकडतो. त्यास आम्ही दोष देत नाही. पण बापाबरोबर त्याची विद्याही जाणार असेल, तर ती शिकविणारे दुसरे घर कोठे आहे?

शहरात तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, २००४ पासून एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठही आहे. तरी आमचे व्यापारी म्हणतात, 'तेथली मुले कामाची नाहीत.' ठीक, पण त्या मुलांस आपल्या कारखान्याचा उंबरठा आपण किती वेळा ओलांडू दिला? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस वा अधिक माणसे कामावर असतील तेथे उमेदवार घेणे सक्तीचे आहे. लहान कारखानदार तत्काळ उत्तर देतो की, माझ्याकडे पंधराच माणसे, मला सक्ती नाही. सक्ती नाही हे खरे, पण मनाई तरी कोठे आहे? चार माणसांच्या कारखान्यासही उमेदवार घेण्याची मोकळीक त्याच नियमांनी दिली आहे!

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : मी शिकवावे आणि शेजाऱ्याने पळवावे. यास उपाय एकट्याने शिकविण्यात नाही. एका पेठेतील वीस कारखानदारांनी मिळून उमेदवार घ्यावे. तीन दिवस संस्थेत, तीन दिवस मागावर. ज्या वृद्ध विणकरापाशी प्रमाणपत्र नाही पण बोटांत पन्नास वर्षे आहेत, त्यास संस्थेने वेतन देऊन शिक्षक नेमावे. शिकविणे मराठीत व्हावे आणि जेथे घरची भाषा तेलुगू आहे तेथे तेलुगूतही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा रंगाईसारखे शास्त्र देशी भाषेत शिकविता येते हे सिद्ध झाले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण त्याविषयी शंका घेत बसावे, हे नवल होय. आणि विडी वळणाऱ्या मातांच्या मुलींस या वर्गांत जागा राखावी. नक्षी आखण्यास पुरुषाचेच मनगट लागते असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र कोणतीही संस्था करू शकत नाही. शिकलेल्या विणकरास आणि न शिकलेल्यास नगामागे सारखीच मजुरी मिळणार असेल, तर प्रमाणपत्र घेऊन तो पुण्यासच जाईल, आणि शहाणा ठरेल. ती मजुरी ठरविणे मालकांच्या हाती आहे. पुढील प्रवेशाआधी कारखानदारांच्या संघाने किती उमेदवार घेणार व शिकल्यावर त्यांस काय देणार, हे दोन आकडे जाहीर करावेत. ते छापावयास आमच्या पत्रात पहिल्या पानावर जागा राखून ठेवली आहे.