दुकान कुणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात लोधिवलीतील एक भगिनी आमच्याकडे आल्या. रुमालात सोन्याच्या चार बांगड्या होत्या. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. जेद्दाहला एका कंपनीत ड्रायव्हर आहे. तिथे किराणा दुकान, ज्याला तिकडे बकाला म्हणतात, घ्यायचे ठरले होते. परवाना एका सौदी माणसाच्या नावावर, पैसा मुलाचा आणि नावापोटी त्या माणसाला दरमहा ठरलेली रक्कम. "सर, बांगड्या मोडू का?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

हा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे, म्हणून इथे लिहीत आहोत.

नोकरीच्या व्हिशावर गेलेला माणूस कफीलच्या जबाबदारीवर तिथे राहतो. इकाम्यावर जो पेशा लिहिलेला असतो, तेवढेच काम त्याला करता येते. सौदी कामगार कायद्याच्या 39व्या कलमानुसार स्वतःसाठी वेगळा धंदा करण्यास मनाई आहे. दुसऱ्याच्या नावाआड धंदा करणे याला तिकडे 'तसत्तुर' म्हणतात. त्याविरुद्धचा नवा कायदा 2020 मध्ये मंजूर झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रियालपर्यंत दंड, कमाईची जप्ती आणि परदेशी माणसाची कायमची रवानगी आहे. नाव देणारा सौदीही गुन्हेगार ठरतो.

शिवाय तो सौदी उद्या "दुकान माझेच" म्हणाला, तर मुलगा दाद कुठे मागणार? कोर्टात जायचे म्हणजे स्वतःचाच गुन्हा कबूल करायचा.

सगळीकडे नियम सारखे नाहीत. कुवेतमध्ये 2024 पासून मूळ मालकाच्या संमतीने दिवसाला चार तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. अमिरातीतही अर्धवेळ कामाचा परवाना मिळतो. पण ही दुसऱ्याकडील नोकरीची परवानगी आहे, स्वतःच्या दुकानाची नव्हे. अमिरातीत 2021 पासून बऱ्याच धंद्यांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येते. मात्र नोकरीत असताना आधी कंपनीचे ना-हरकत पत्र मागून घ्यावे.

काही जण म्हणतात, "मेहनत हलाल आहे, मग अडचण कसली?" सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याचा हुकूम देते. व्हिसा आणि नोकरीचा कागद हाही करारच आहे. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून साक्षीदार ठेवायला सांगते. जो व्यवहार कागदावर आणताच येत नाही, त्यात आईच्या बांगड्या घालाव्यात का?

आम्ही त्या भगिनींना सांगितले, बांगड्या राहू द्या. मुलाला धंद्याची हौस आहे, तर तो इथेही उभा राहील. सून शिकलेली आहे. तिच्या नावावर उद्यम नोंदणी मोफत होते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गिऱ्हाईक कमी नाही. छोटे दुकान असो की मसाल्याचे काम, मालकी घरातच राहील. मुलगा परतेल तेव्हा हातात काहीतरी असेल.

त्या रात्री मुलाचा फोन आला. आधी थोडा रागावला. मग हळूच म्हणाला, "सर, शेजारच्या खोलीतला एक जण याच भानगडीत परत गेला. अम्मीला सांगितलं नव्हतं."

मुलांनो, अशा गोष्टी अम्मीला आधी सांगा. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.