खांद्याचे रुग्णालय आणि हिशेबाची वही

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीतील नोंदी २०२३ च्या सप्टेंबरात ७७ लाखांच्या पुढे गेल्या. हा डोंगर उपसण्यासाठी तेथील शासनाने जे उपाय योजले, त्यांपैकी एक म्हणजे स्वतंत्र शस्त्रक्रिया-केंद्रे. एकाच प्रकारच्या शस्त्रक्रिया एका छपराखाली, मोठ्या संख्येने आणि खंड न पडता व्हाव्यात, हा त्यांमागील हेतू. वेदनेने रात्र-रात्र जागणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तो स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि विशेष विभागाची थोरवी केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येने मोजावी काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या बाबतीत पुष्कळ काही शिकवणारा आहे.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत अस्थिर सांधा. उथळ बशीत मोठा चेंडू ठेवावा, तशी त्याची रचना. त्याला जागेवर धरण्याचे काम हाडांपेक्षा स्नायू व स्नायुबंध अधिक करतात. त्यामुळे खांद्यालाच वाहिलेल्या विभागाची गरज भासली, यात नवल नाही. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या रेडिंग शहरातील विभाग हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे स्टीफन कोपलंड यांनी १९८६ साली झिजलेल्या सांध्याचे हाड कापून न टाकता त्यावर धातूचे आवरण बसविण्याची पद्धत वापरात आणली आणि तिचा पुढे जगभर प्रसार झाला.

परंतु या शाखेचा खरा पाया त्याआधी अमेरिकेत घातला गेला होता. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांचा आग्रह असा की, प्रत्येक रुग्णाची प्रकृती निदान वर्षभरानंतर पुन्हा तपासावी, आणि उपचार फसला असल्यास त्याचे कारण उघडपणे नोंदवावे. गुणाऐवजी सेवाज्येष्ठतेवर बढत्या देण्याच्या पद्धतीचा निषेध म्हणून त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध करताना त्यांनी १२३ चुकांची कबुली दिली. याच कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही रूढ केले. आपल्या चुकांची वही जगापुढे ठेवणारा माणूस सहकाऱ्यांना रुचत नसतो. कॉडमन यांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

ही वही उघडण्याची गरज पुढील काळात पुन्हा दिसून आली. खांद्याच्या टोकाचे हाड खालील स्नायुबंधावर घासते म्हणून वेदना होतात, ते तासले की आराम पडतो, हा विचार न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडला. युक्तिवाद सुटसुटीत होता आणि दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया करणे सुलभ झाले. इंग्लंडमध्ये २००० साली तिची संख्या सुमारे २,५०० होती. २०१० पर्यंत ती २१,००० वर गेली. एवढे झाल्यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. काहींचे हाड तासले, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहणी केली, तर उरलेल्यांवर शस्त्रक्रियाच केली नाही. २०१८ च्या ‘लान्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष असा की, हाड तासणे आणि नुसते पाहणे यांत फरक आढळला नाही, आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेतही लाभ इतका अल्प होता की व्यवहारात त्याला अर्थ उरत नाही.

या घटनेचा अर्थ शल्यविशारद लबाड होते, असा मुळीच नाही. किंबहुना शल्यविशारदांनीच आपली नित्याची शस्त्रक्रिया कसोटीला लावू दिली, म्हणून सत्य बाहेर आले. धातूच्या आवरणाच्या पद्धतीलाही हाच न्याय लागला. इंग्लंडच्या राष्ट्रीय सांधा-नोंदवहीत २०१२ पासून खांद्याची नोंद होऊ लागली. त्यानंतर या पद्धतीचा वापर झपाट्याने ओसरला आणि चेंडू व बशी यांची अदलाबदल करणाऱ्या कृत्रिम सांध्याचा वापर वाढत गेला. कालचे श्रेष्ठ ते आज तपासून बाजूला ठेवावे लागते, यालाच शास्त्र म्हणतात.

शस्त्रक्रिया, संशोधन आणि प्रशिक्षण ही तीन कामे एकत्र असावीत, ती याचसाठी. जेथे केवळ शस्त्रक्रिया होते, तेथे शिकाऊ शल्यविशारद हात चालवावयास शिकतो. जेथे निकालही तपासले जातात, तेथे तो हात केव्हा आवरावा हेही शिकतो. संख्येचे लक्ष्य गाठण्याच्या घाईत पहिला बळी या दुसऱ्या शिक्षणाचा जातो, कारण त्याची गणना कोणत्याही तक्त्यात होत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. फळ्यावर लिहिताना हात वर न जाणारा शिक्षक किंवा वरच्या फळीवरील फाईल काढताना कळवळणारा कारकून यांना याचे महत्त्व सांगावयास नको. अशा खांद्यासाठी भूल देऊन सांधा सोडविणे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे आणि इंजेक्शनसह भौतिकोपचार हे तीन मार्ग ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर तपासले गेले. २०२० साली निष्कर्ष आला की, यांपैकी कोणताही मार्ग इतरांपेक्षा निर्विवाद सरस नाही. या तिन्हींचा खर्च आणि जोखीम मात्र सारखी नाही. गाठीची पुंजी मोडून उपचार घेणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक लहान नव्हे.

म्हणून नव्या विशेष रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगी खाटा किती आणि यंत्रे कोणती, एवढेच विचारून भागणार नाही. वर्षापूर्वी उपचार घेऊन गेलेला रुग्ण आज हात कोठवर उचलू शकतो, याची नोंद तेथे कोणी ठेवणार आहे काय, हेही विचारले पाहिजे. ज्या रुग्णालयाजवळ याचे उत्तर नाही, ते कितीही भव्य असो, त्याला केवळ कारखानाच म्हणावे लागेल.