आबाळ करणाराही वारसच

वसई तालुक्यातील गिरीजसारख्या गावात वाडीचा तुकडा आता केळी-नारळांच्या उत्पन्नावर मोजला जात नाही. मुंबईकडून सरकत आलेल्या वस्तीने त्याला निराळेच मोल आणले आहे. सातबारावर ज्याचे नाव, त्या म्हाताऱ्याची किंमत मात्र घरात त्या मानाने वाढलेली नाही. जन्मदात्यांना अन्नपाण्यावाचून ठेवणारा मुलगा त्यांच्या पश्चात वारस होऊ शकतो काय? कायद्याचे उत्तर आहे : होऊ शकतो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २५ वे कलम खुनी आणि त्याचा साथीदार यांनाच अपात्र ठरविते. मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ सालीच हे तत्त्व मान्य केले होते. त्यापलीकडचा दरवाजा २८ व्या कलमाने बंद केला. वास्तविक नारदस्मृतीने पितृद्वेष्ट्या पुत्राचा वाटा नाकारला होता. त्याच यादीत आंधळे-पांगळेही होते, तेव्हा ती मोडणे न्याय्यच होते. परंतु तिच्याबरोबर एक रास्त अपवादही वाहून गेला. गिरीजमधील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यातही आबाळ ही अपात्रता नव्हे.

मृत्युपत्राने अशा मुलाला वगळता येते, हे खरे. पण त्याच्याच दारात पडून असलेला वृद्ध वकिलाकडे जाणार कसा? बहुधा त्याआधीच त्याने बक्षीसपत्रावर सही केलेली असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलम असा व्यवहार रद्द करू देते, मात्र सांभाळाच्या अटीवर दिलेले असेल तरच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या अटीवर कटाक्षाने बोट ठेवले. जानेवारी २०२५ च्या निकालात कलमाचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हटले. तरीही दस्तात ते एक वाक्य स्पष्ट लिहून घेणे हेच शहाणपणाचे. घाईच्या सहीत नेमके तेच राहून जाते.

त्याच कायद्याच्या २४ व्या कलमान्वये वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे दंड भरून सुटलेला मुलगा पुढे निर्वेधपणे वाडीचा धनी! बापाच्या मागे भाऊच भावावर खोटे आरोप करतील, हा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच अपात्रता वृद्धाच्या हयातीत न्यायालयाने दिलेल्या दोषसिद्धीशीच जोडावी, आणि वृद्धाने लेखी क्षमा केल्यास ती उठावी. एवढी दुरुस्ती दोन्ही वारसा कायद्यांत संसदेला सहज करता येईल.